वंगणतेलातले सर्फॅक्टंट धातूवर कसे बसतात? (आणि जागा कुणाला मिळते?)

वंगणवाला

गाड्यांच्या धाग्यांवर एक प्रश्न हमखास येतो: इंजिन ऑइलमध्ये वरून बाटलीतलं ॲडिटिव्ह घालावं का? एक गट म्हणतो घाला, दुसरा म्हणतो पैसे वाया. पण तेलाच्या आत आणि धातूच्या अंगावर नेमकं काय चालू असतं, यावर फारसं कुणी लिहीत नाही. माझी सगळी नोकरी वंगणतेलांच्या प्रयोगशाळेत गेली, आणि हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. म्हणून हा वेगळा धागा काढतोय.

तेलातली बरीचशी ॲडिटिव्ह ही सर्फॅक्टंट असतात. रेणूला एक डोकं, एक शेपूट. डोक्यात ऑक्सिजन, नायट्रोजन, गंधक किंवा फॉस्फरस असलेला ध्रुवीय गट. शेपूट म्हणजे बहुधा बारा ते अठरा कार्बनची साखळी. साबण पाण्यात गेला की शेपटाची अडचण होते. तेलात याच्या उलट घडतं. शेपूट तेलात मजेत असतं आणि डोक्याला कुठे जावं ते कळत नाही. मग दोनच वाटा उरतात. एक तर आपल्यासारख्या इतर रेणूंशी डोक्याला डोकी लावून घोळका करायचा (पाण्यातल्या मिसेलच्या नेमका उलटा), नाही तर एखादा ध्रुवीय पृष्ठभाग गाठून तिथे बसायचं. हे पृष्ठभागावर बसणं म्हणजे अधिशोषण. रेणू धातूच्या आत शिरत नाहीत, वर थर धरतात.

आपण सहज ‘धातूवर बसतो’ म्हणतो, पण लोखंड कधीच उघडं नसतं. हवेत आलं की त्यावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर येतो, त्यावर हायड्रॉक्सिल गट आणि त्यावर पाण्याचे रेणू. रेणूचं डोकं या सगळ्याशी व्यवहार करतं. स्टिअरिक आम्ल घ्या. त्याचा कार्बोक्सिल गट आधी हायड्रोजन बंधाने अलगद टेकतो. परिस्थिती जुळली तर तो आपला प्रोटॉन देऊन टाकतो आणि लोखंडाशी पक्का रासायनिक बंध जोडतो, म्हणजे जागच्या जागी लोखंडाचा साबण तयार होतो. पहिल्या प्रकारात रेणू सहज सुटतो, दुसऱ्यात सहजी हलत नाही.

आता थोडा हिशेब. दाटीने उभ्या राहिलेल्या स्टिअरिक आम्लाच्या एका रेणूला साधारण ०.२ चौरस नॅनोमीटर जागा लागते. म्हणजे एक चौरस मीटर पृष्ठभाग एका थराने झाकायला जेमतेम २.४ मिलिग्रॅम पुरतं. त्या थराची जाडी सुमारे अडीच नॅनोमीटर. एक लिटर तेलात अर्धा टक्का असं आम्ल घातलं तर ते चार ग्रॅमच्या थोडं वर भरतं, आणि त्यात साधारण १८०० चौरस मीटर झाकले जातील. इंजिनातल्या सगळ्या घासणाऱ्या भागांचं क्षेत्रफळ, खडबडीतपणा धरूनसुद्धा, याच्या आसपासही जात नाही.

म्हणजे माल कमी पडतो असं नाही. मग तेल बिघडतं का, चांगल्या तेलातही झीज का होते, आणि दोन चांगली तेलं मिसळली की कधी कधी वाईट का वागतात? माझं म्हणणं असं की तेलात काय घातलं यापेक्षा पृष्ठभागावर जागा कुणाला मिळाली, ही गोष्ट निर्णायक असते. पुढची चर्चा त्यावर व्हावी. प्रश्न विचारा, अनुभव लिहा.

---

क्लचवायर

काका, धागा वेळेवर आला. माझ्या १५० सीसी बाइकमध्ये मित्राच्या कारसाठी आणलेलं ५डब्ल्यू-३० सिंथेटिक उरलं होतं, ते घातलं. महाग तेल, चांगलंच असणार असं वाटलं. आता घाटात चौथ्या गिअरला थ्रॉटल पिळला की आरपीएम वर जातो आणि गाडी जागच्या जागी. मेकॅनिक म्हणतो क्लच प्लेटा गेल्या. तेल बदलण्याआधी क्लच उत्तम होता. तेलामुळे असं होऊ शकतं का?

---

वंगणवाला

होऊ शकतं, आणि तुमचं उदाहरण या धाग्यासाठी अगदी नेमकं आहे.

आपल्याकडच्या बहुतेक मोटरसायकलींत इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच तिघं एकाच तेलात असतात. क्लचच्या प्लेटा तेलात बुडालेल्या. कारच्या इंधन वाचवणाऱ्या तेलात फ्रिक्शन मॉडिफायर घातलेले असतात. ग्लिसरॉल मोनोओलिएट, ओलिअमाइड अशी त्यांची नावं. हे अस्सल सर्फॅक्टंट. त्यांचं कामच पृष्ठभागावर बसून घर्षण कमी करणं. पिस्टन रिंगवर बसले तर इंधन वाचतं. पण रेणूला हे सिलिंडर आहे की क्लचची स्टील प्लेट, हे कळत नाही. तो दोन्हीकडे सारखाच बसतो. क्लचला मात्र घर्षण हवं असतं.

म्हणून जपानने मोटरसायकलच्या तेलांसाठी जासो मानक आणलं. त्यात क्लचवर तेलाची चाचणी करून तीन आकडे काढतात: चालत्या घर्षणाचा, थांबलेल्या घर्षणाचा आणि क्लच थांबायला लागणाऱ्या वेळेचा. जास्त घर्षण देणारी तेलं एमए (त्यातही वरची एमए-२), कमी घर्षणवाली एमबी. ओल्या क्लचच्या गाडीला एमए किंवा एमए-२च घाला. एमबी हे ज्या स्कूटरचा क्लच इंजिन तेलात नसतो त्यांच्यासाठी.

डब्यावरचं एपीआयचं गोल चिन्हही बघा. खालच्या अर्ध्या भागात ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ किंवा ‘एनर्जी कन्झर्व्हिंग’ असं असेल तर ते ओल्या क्लचपासून लांब ठेवा. कारचं प्रत्येक तेल क्लच घसरवतंच असं नाही. पुष्कळ १५डब्ल्यू-४० डिझेल तेलांत असे मॉडिफायर नसतात. पण अंदाजाने घालण्यापेक्षा डबा वाचावा.

प्लेटा लगेच बदलू नका. इंजिन गरम असताना तेल काढा, फिल्टर बदला, एमए-२ तेल घाला, थोडी गाडी चालवा आणि ते तेलही काढून पुन्हा नवीन घाला. तेलातलं मॉडिफायरचं प्रमाण घटलं की पृष्ठभागावर सैल बसलेले रेणू परत तेलात उतरतात. घर्षणाच्या प्लेटा सच्छिद्र असतात, त्यांच्या पोटातलं जुनं तेल बाहेर यायला वेळ लागतो. तेवढा वेळ द्या. दरम्यान घाटात जोर देऊ नका, कारण घसरत्या क्लचची उष्णता प्लेटा खरोखरच जाळते.

---

रसायनताई

खूप आवडला धागा. मी बारावीला रसायनशास्त्र शिकवते. अधिशोषणाचा धडा मुलं पाठ करतात आणि विसरतात, कारण त्यांना त्याचा क्लच, बेअरिंग, गंज यांच्याशी काही संबंध दिसत नाही. म्हणून दोन गोष्टींची भर घालते.

पहिली, लँगम्यूरचं समीकरण. अर्व्हिंग लँगम्यूरने १९१८ साली ते मांडलं, आणि पृष्ठभागाच्या रसायनशास्त्रासाठी त्याला १९३२ मध्ये नोबेल मिळालं. पृष्ठभागाचा किती भाग भरला = केसी भागिले (१ + केसी). इथे सी म्हणजे तेलातली संहती आणि के म्हणजे रेणूची पृष्ठभागावर बसण्याची ओढ. आता आकडे घालून बघा. केसी १ असेल तर अर्धा पृष्ठभाग भरतो. ९ असेल तर ९० टक्के. आता ॲडिटिव्ह दुप्पट केलं, केसी १८ झालं, तरी भरलेला भाग ९४.७ टक्केच. म्हणजे माल दुप्पट आणि झाकलेला भाग पाच टक्क्यांहून कमी वाढला. ९९ टक्क्यांवर जायला अकरा पट घालावं लागेल. बाटलीवाल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच मिळतं.

दुसरी, वर्गात दाखवता येणारा प्रयोग. तांब्याची पट्टी बारीक पॉलिश पेपरने घासून लख्ख करायची. मेणबत्त्या किंवा साबण करणाऱ्यांकडे स्टिअरिक आम्ल मिळतं. त्याची चिमूट स्पिरिटमध्ये विरघळवायची आणि पट्टी त्यात काही वेळ बुडवून ठेवायची. बाहेर काढून स्वच्छ स्पिरिटने धुवायची, वाळवायची. आता पाण्याचा थेंब सोडा. घासलेल्या कोऱ्या पट्टीवर थेंब पसरतो, या पट्टीवर गोळा होऊन बसतो. डोळ्यांना पट्टीत काहीही फरक दिसत नाही, आणि थेंब मात्र सांगतो की वर कुणीतरी बसलंय. हेच काचेच्या पट्टीवर केलं तर स्पिरिटने धुतल्यावर परिणाम जवळजवळ निघून जातो. तांब्याशी आम्ल साबण करतं, काचेशी करत नाही. मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. (स्पिरिट पेटतं. जवळ बर्नर नको.)

---

वंगणवाला

ताई, प्रयोग सुंदर आहे. फिलिप बाउडन आणि डेव्हिड टेबर यांनी केंब्रिजमध्ये घर्षण मोजताना अगदी हाच फरक पाहिला होता. पॅराफिन तेलात एक टक्का लॉरिक आम्ल घातलं की तांबं, जस्त, कॅडमियम यांच्यावर घर्षण पुष्कळ उतरतं. प्लॅटिनम, चांदी, निकेल, काच यांच्यावर मात्र फारसा फायदा नाही. आम्ल तेच, तेल तेच. फरक फक्त बसायच्या जागेत.

लँगम्यूरच्या समीकरणाबद्दल एक पुरवणी. ते मुळात वायूंसाठी आहे आणि त्यात प्रत्येक जागा सारखी, शेजाऱ्याचा शेजाऱ्याशी संबंध नाही असं गृहीत धरलंय. तेलात तसं नसतं. शेजारच्या शेपट्या एकमेकींना ओढतात, त्यामुळे काही रेणू बसले की पुढच्यांना बसणं सोपं जातं. शिवाय पृष्ठभाग मोकळा नसतोच; प्रत्येक रेणूला आधी तिथले तेलाचे रेणू उठवून बसावं लागतं. तरी ताईंचा मुद्दा तसाच उभा राहतो. भरत आलेल्या पृष्ठभागावर आणखी माल ओतून फार काही मिळत नाही.

---

जुनाफिटर

हे सगळं कागदावर ठीक. मी स्वतः जुन्या डिझेल गाडीत बाटली टाकली आहे. आवाज कमी झाला, हे कानांनी ऐकलंय. तुमचे रेणू काहीही म्हणोत.

---

वंगणवाला

तुमच्या कानांवर माझा विश्वास आहे. पण आवाज कमी होण्याची कारणं निरनिराळी असतात. अशा पुष्कळ बाटल्यांत जाड पॉलिमर असतो. तेल घट्ट होतं, सैल झालेल्या भागांमधली फट भरून निघते, खडखड कमी येते. त्याचा अधिशोषणाशी संबंध नाही. नुसतं जाड ग्रेडचं तेल घातलं असतं तरी तेच झालं असतं.

मला काळजी वेगळ्या बाटल्यांची वाटते, ज्यांत पृष्ठभागावर जोराने बसणारं काहीतरी असतं. तेल बनवणाऱ्याने आधीच आठ-दहा प्रकारचे पदार्थ एकमेकांना सांभाळून घातलेले असतात. झिंक डायअल्किलडायथायोफॉस्फेट (आम्ही नुसतं झेडडीडीपी म्हणतो) झीज रोखतं. कॅल्शियम सल्फोनेट हे डिटर्जंट. पॉलिआयसोब्युटिलीन सक्सिनिमाइड काजळी तरंगती ठेवतं. यातले जवळजवळ सगळे सर्फॅक्टंट आहेत, म्हणजे सगळ्यांना त्याच पृष्ठभागावर जायचंय.

आधी कोण पोहोचतं आणि शेवटी कोण टिकतं, ही दोन वेगळी माणसं असू शकतात. एस.टी.त खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलेल्याला मागून आलेला रिझर्व्हेशनवाला उठवतो, तसं लहान चपळ रेणू आधी बसतात आणि घट्ट बंध करणारा सावकाश येऊन त्यांना उठवतो. बाहेरून तुम्ही एखादं जहाल ॲडिटिव्ह घातलं तर ते झेडडीडीपीची जागा खाऊ शकतं. घर्षण थोडं कमी लागेल, गाडी हलकी वाटेल, आणि कॅमच्या टोकाची झीज वाढेल. ती कानांना लवकर ऐकू येत नाही.

हे जागा खाणं पृष्ठभागावरच होतं असंही नाही. सक्सिनिमाइडमधला नायट्रोजन तेलातच झेडडीडीपीला जाऊन बिलगतो आणि त्याला पृष्ठभागावर पोहोचूच देत नाही. म्हणून कोणत्या डिस्पर्संटबरोबर किती झेडडीडीपी, हे ठरवायला चाचण्यांवर चाचण्या कराव्या लागतात.

क्लोरीनयुक्त पॅराफिन असलेल्या बाटल्यांपासून तर दूरच राहा. गरम इंजिनात ओलावा असतोच. त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं आणि बेअरिंग खातं.

---

लेथमास्तर

नमस्कार साहेब. कोल्हापुरात आमचं छोटं मशिन शॉप आहे, टर्निंग आणि ग्राइंडिंग. आमचा प्रश्न गंजाचा. ग्राइंडिंग झालं की जॉब धुऊन रस्ट प्रिव्हेंटिव्ह ऑइलमध्ये बुडवतो, क्रेटमध्ये ठेवतो. उन्हाळ्यात काही अडचण नाही. पावसाळा लागला की दोन दिवसांत जॉबवर तांबूस ठिपके. काही ठिकाणी तर पोरांच्या बोटांचे ठसे उमटल्यासारखा गंज दिसतो. पार्टीने माल परत पाठवला. तेल तेच, डबा तोच. वर वर नवीन तेल भरत असतो टाकीत. चुकतंय कुठं?

---

वंगणवाला

लेथमास्तर, तुमचं तेल म्हणजे साधारणपणे हलक्या तेलात विरघळवलेलं सल्फोनेट असणार, बेरियम किंवा कॅल्शियमचं, किंवा सोडियमचंही. हे रेणू डोकं स्टीलवर, शेपूट बाहेर अशी दाट रांग लावतात आणि पाण्याला खाली उतरू देत नाहीत. चांगलं तेल तर ओल्या जॉबवरचं पाणी ढकलून स्वतः खाली बसतं. त्यासाठी सल्फोनेट पाण्यापेक्षा घट्ट बसायला हवं.

आता बघा पावसाळ्यात काय होतं. ओले जॉब टाकीत जातात आणि पाण्याचे बारीक थेंब तेलात राहतात. सर्फॅक्टंटला पृष्ठभाग हवा, मग तो स्टीलचा असो की पाण्याच्या थेंबाचा. लाखो थेंबांचं मिळून क्षेत्रफळ प्रचंड असतं, त्यामुळे सल्फोनेट तिकडे अडकतं. तेल दुधाळ दिसायला लागलं असेल तर हेच चाललंय. शिवाय प्रत्येक जॉब आपल्या अंगावर सल्फोनेट घेऊन बाहेर जातो. तुम्ही वरून तेल भरता तेव्हा पातळी भरते, पण टाकीतलं मूळ प्रमाण परत येतंच असं नाही.

धुण्याकडेही लक्ष द्या. तीव्र अल्कलीचा क्लीनर नीट निघाला नाही तर तो पृष्ठभागावर बसून राहतो आणि सल्फोनेटला जागा देत नाही. धुतल्यावर स्वच्छ पाण्याने खळबळून, गरम हवेने किंवा कॉम्प्रेसरच्या कोरड्या हवेने वाळवून मग तेलात बुडवा. बोटांचे ठसे म्हणजे घामातलं मीठ. क्लोराइड ऑक्साइडचा थर फोडतं, आणि त्यावर तेल लावलं तर मीठ तेलाखाली कैद होतं. ग्राइंडिंगनंतर उघड्या हाताने जॉब धरायचाच नाही. हातमोजे, तेही दररोज स्वच्छ.

टाकीच्या तळाशी नळ असेल तर रोज सकाळी मशिन चालू करायच्या आधी खाली बसलेलं पाणी काढा. तेल बनवणाऱ्याकडे नमुना पाठवून सल्फोनेटचं प्रमाण तपासून मागा. बहुतेक जण हे करून देतात.

---

लेथमास्तर

दुधाळ झालंय साहेब, बरोबर. आणि तळाचा नळ कधी उघडलाच नाही. उद्या उघडतो. पोरांना हातमोजे उद्यापासून.

---

क्वार्ट्झ

मी सध्या युरोपात अधिशोषणावर पीएचडी करतेय. धागा वाचून राहवलं नाही. हे सगळं मोजतात कसं, ते लिहिते.

आमच्याकडे क्वार्ट्झ क्रिस्टल मायक्रोबॅलन्स आहे. नाणं असतं तेवढी क्वार्ट्झची पातळ चकती, दोन्ही बाजूंना सोन्याचा मुलामा, एका बाजूला वरून लोखंडाचा पातळ थर. वीज दिली की ती सेकंदाला ५० लाख वेळा थरथरते. तिच्यावर काही बसलं की वजन वाढतं आणि थरथरणं किंचित मंदावतं. जर्मनीच्या गुंटर सॉअरब्रायने १९५९ मध्ये याचा हिशेब दिला: ५ मेगाहर्ट्झच्या चकतीवर दर चौरस सेंटिमीटरला १७.७ नॅनोग्रॅम बसले की एक हर्ट्झ कमी होतो. वंगणवाला काकांचे २.४ मिलिग्रॅम दर चौरस मीटर म्हणजे २४० नॅनोग्रॅम दर चौरस सेंटिमीटर. म्हणजे पूर्ण भरलेला एक थर फक्त साडेतेरा हर्ट्झ दाखवतो. ५० लाखांतले साडेतेरा! तापमान एका अंशाच्या अंशाने हललं तरी आकडा बिघडतो, म्हणून रात्री प्रयोग लावायचा आणि खोलीत कुणाला येऊ द्यायचं नाही.

खरं इंजिन ऑइल या यंत्रात चालत नाही, फार जाड. आम्ही हेक्साडेकेन किंवा डोडेकेन वापरतो. आधी नुसतं तेल वाहवायचं, रेषा सपाट होईपर्यंत थांबायचं, मग त्याच तेलात आम्ल घालून ते वाहवायचं. पडद्यावर रेषा आधी झपकन खाली येते आणि मग तासन् तास हळूहळू उतरत राहते. सुरुवातीला रेणू जिथे मिळेल तिथे टेकतात, तिरके, विस्कळीत. नंतर सरकत सरकत दाटी करतात, उभे राहतात. नंतर पुन्हा स्वच्छ तेल सोडलं की रेषा थोडी वर येते आणि थांबते. जेवढी वर आली तेवढे सैल होते; जे राहिले ते घट्ट बसलेले. हा शेवटचा टप्पा माझा सगळ्यात आवडता. पृष्ठभागावर दोन प्रकारचे रहिवासी आहेत हे त्या एका रेषेत दिसतं.

अडचण एकच, आणि मोठी: पाणी. तेलात दशलक्षात काही भाग पाणी असलं तरी निकाल बदलतो. आठवड्याचा प्रयोग दमट हवेने फुकट जातो.

---

करंजेल

छान चाललंय. एक शंका. आमच्या आजोबांच्या वेळी बैलगाडीच्या आसाला एरंडेल किंवा करंजेल लावायचे. त्यांना कुठे ॲडिटिव्ह माहीत होती? तरी आस वर्षानुवर्षे टिकायचे. मग ही वनस्पती तेलं खनिज तेलापेक्षा चांगली म्हणायची का?

---

वंगणवाला

त्या तेलांत ॲडिटिव्ह जन्मजात असतं! वनस्पती तेलाचा रेणू स्वतःच ध्रुवीय, कारण त्यात एस्टर गट. शिवाय थोडी मोकळी मेदाम्लं. एरंडेलात तर जवळजवळ नव्वद टक्के रिसिनोलिक आम्ल, ज्याच्या बाराव्या कार्बनवर एक हायड्रॉक्सिल गट असतो. म्हणून ते जाडही असतं आणि धातूला धरूनही राहतं. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या फिरत्या इंजिनांत एरंडेलच वापरत. कॅस्ट्रॉल हे १९०९ मध्ये आलेलं नावही कॅस्टर ऑइलवरूनच घेतलेलं.

त्याच सुमाराची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. खनिज तेल स्वस्त, पण चरबी आणि वनस्पती तेलांइतकं घर्षण कमी करत नव्हतं. पहिलं महायुद्ध संपता संपता इंग्लंडमध्ये वेल्स आणि साउथकोंब या दोघांनी दाखवलं की खनिज तेलात जेमतेम एक टक्का मेदाम्ल घातलं की काम भागतं. सगळं तेल वनस्पतीचं असायची गरज नाही. पृष्ठभागावर पोहोचेल एवढंच पुरे. मग १९२२ मध्ये विल्यम हार्डी आणि आयडा डबलडे यांनी वेगवेगळ्या लांबीच्या साखळ्यांची अल्कोहोलं आणि आम्लं घेऊन घर्षण मोजलं. साखळी लांबत गेली तसं घर्षण सरळ रेषेत उतरत गेलं. त्या काळात रेणू बघायचं कुठलंच साधन नव्हतं, आणि यांनी एका साध्या घसरण्याच्या प्रयोगातून तो थर ओळखला. मला आजही याचं अप्रूप वाटतं.

वनस्पती तेलांची कमजोरी दुसरीकडे आहे: गरम झाली की हवेने लवकर खराब होतात, आंबूस होतात, चिकट राळ धरतात. बैलगाडीचा आस तापत नाही. इंजिन तापतं.

---

रसायनताई

साखळी लांब ती बरी, तर मग तेलवाले स्टिअरिकऐवजी ओलिक आम्लाची संयुगं का वापरतात? दोघांत कार्बन अठराच ना?

---

वंगणवाला

अठराच. पण ओलिकच्या मधोमध सिस दुहेरी बंध असतो, तिथे साखळी वाकते. वाकलेले रेणू दाटीने उभे राहू शकत नाहीत, थर सैल होतो. घर्षणाच्या दृष्टीने स्टिअरिक सरस. पण स्टिअरिक ६९ अंशांना वितळतं आणि थंड तेलात त्याचे कण बाहेर पडून फिल्टर तुंबतो. ओलिक १३-१४ अंशांनाच पातळ. डब्यात तळाशी साका नको, म्हणून थोडं घर्षण सोडून द्यायचं आणि ओलिकचं ग्लिसरॉल मोनोओलिएट घालायचं. हा व्यवहारी तोडगा आहे.

तापमानाचं आणखी एक. हे थर ठरावीक तापमानाच्या वर टिकत नाहीत. सैल बसलेले रेणू आधी उठतात. साबण झालेले जास्त तग धरतात, पण साबणही शेवटी मऊ होऊन वितळतो, आणि घर्षण एकदम चढतं. त्यापुढे झेडडीडीपीसारख्या पदार्थांचं राज्य. ते नुसते बसत नाहीत. घासण्याच्या दाबाने आणि उष्णतेने फुटून फॉस्फेटचा काचेसारखा थर बांधतात, ५० ते १५० नॅनोमीटर जाडीचा. म्हणजे आपल्या एका थराच्या कितीतरी पट. २०१५ मध्ये नित्यानंद गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी अणुबल सूक्ष्मदर्शकाच्या टोकाखाली हा थर वाढताना प्रत्यक्ष पाहिला. दाब वाढवला की वाढीचा वेग घातांकी पद्धतीने वाढतो. जिथे गरज सर्वाधिक तिथेच थर सर्वात भराभर वाढतो!

---

क्वार्ट्झ

काका, तेलाचा स्वतःचा स्वभावही सांगा ना. आम्ही हेक्साडेकेनऐवजी एस्टर वापरलं तेव्हा त्याच आम्लाचं अधिशोषण दिसेनासंच झालं होतं.

---

वंगणवाला

अगदी बरोबर. एस्टर ध्रुवीय, ते स्वतःच पृष्ठभागावर बसतं, वर आम्लालाही पोटात धरून ठेवतं. त्याला पृष्ठभागावर जायची घाई राहत नाही. उलट पॉलिअल्फाओलेफिन अगदी अध्रुवीय. त्यात ॲडिटिव्ह पृष्ठभागाकडे धावतात, पण विरघळायलाही कुरकुरतात, म्हणून त्यात थोडं एस्टर मिसळावं लागतं. किती मिसळायचं हा तारेवरचा खेळ. जास्त झालं तर विरघळतात झकास आणि बसत नाहीत.

म्हणूनच दोन वेगळी ‘फुल सिंथेटिक’ मिसळताना मी लोकांना थांबवतो. रस्त्यात तेल कमी पडलं तर टॉप-अप जरूर करा, कोरडं इंजिन त्याहून वाईट. पण सवय करू नका.

---

क्लचवायर

काका, तुम्ही सांगितलंत तसं केलं. गरम असताना तेल काढलं, एमए-२ घातलं, थोडं चालवून पुन्हा बदललं. सपाट रस्त्यावर घसरणं गेलं. दोघं बसून चढावर मात्र अजून थोडं जाणवतं.

---

वंगणवाला

सुधारणा झाली म्हणजे तेलाचा हात होता. आता केबलचं फ्री प्ले आधी तपासा. ताठ असेल तर क्लच पूर्ण बसतच नाही. ते ठीक असेल तर क्लच कव्हर उघडा. घर्षण प्लेटांची जाडी व्हर्नियरने मोजा आणि सर्व्हिस मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघा. स्टील प्लेटा निळसर पडल्या असतील किंवा घर्षण प्लेटा काचेसारख्या चकाकत असतील तर त्या जळल्या, बदलाव्याच लागतील. स्प्रिंगची लांबीही मोजा. नवीन प्लेटा बसवायच्या आधी एमए-२ तेलात भिजत ठेवा.

---

धुळेकर

एक राहून गेलेला प्रश्न. ओल्या क्लचला फ्रिक्शन मॉडिफायर चालत नाही म्हणता, पण ऑटोमॅटिक कारच्या गिअरबॉक्समध्येही ओले क्लचच असतात. तिथल्या तेलात मात्र मॉडिफायर मुद्दाम घालतात असं वाचलंय. हे कसं?

---

वंगणवाला

बरोबर वाचलंय. बाइकचा क्लच पकडला की पकडला, त्याला जोरात धरायचं असतं. ऑटोमॅटिकमध्ये क्लच गिअर बदलताना आपोआप धरतो, आणि कन्व्हर्टरचा क्लच तर पुष्कळदा मुद्दाम थोडा घसरता ठेवलेला असतो. तिथे थांबलेलं घर्षण चालत्या घर्षणापेक्षा जास्त असलं तर प्लेटा धरतात-सुटतात-धरतात आणि गाडी थरथरते. वेग शून्याकडे जाताना घर्षण उतरत जायला हवं. ते काम सर्फॅक्टंटचा थर करतो: प्लेटा सावकाश सरकतात तेव्हा घर्षणाचा सगळा भार त्या थरावर येतो आणि तो ते उतरवतो, वेगात तेलाचा वाटा वाढतो. म्हणून एटीएफमध्ये मॉडिफायर, पण एकूण पकड सुटणार नाही इतक्या मापात, आणि त्याच गिअरबॉक्सच्या प्लेटांच्या कागदाला जुळेल असाच. प्रत्येक गाडीचं एटीएफ वेगळं असायचं हेही एक कारण.

उष्णतेने हे रेणू कालांतराने मोडतात. ४०-६० च्या वेगाला, हलक्या थ्रॉटलवर, खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर जाणवू लागली तर गिअरबॉक्स उघडण्याआधी कंपनीने सांगितलेलं एटीएफ बदलून बघा.